परवान्यावरचें मासिक आणि स्वतःचा खेळ

मासिक चालविणाराच्या स्वतःच्या मालकीचें नेमकें काय असतें, हा प्रश्न वरवर पाहतां फार सोपा वाटतो. नांव त्याचें, लेख त्याचे, वर्गणीदार त्याचे, असें कोणीही चटकन् सांगेल. परंतु अमेरिकेंत एक प्रकाशनसंस्था अशी आहे कीं, तिच्या दोन्ही प्रमुख मासिकांचीं नांवें दुसऱ्याचीं होतीं, ज्या खेळाविषयीं तीं मासिकें लिहीत तो खेळही दुसऱ्याचाच होता, आणि एके दिवशीं मूळ मालकानें दोन्ही नांवें परत घेतलीं. अशा वेळीं आपल्यापाशीं मागें काय उरतें, याचा हिशेब त्या संस्थेला करावा लागला. तो हिशेब कसा झाला व त्यांतून काय निघालें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. संस्थेचें नांव पायझो. ग्रीक भाषेंतील ज्या क्रियापदावरून तें घेतलें आहे, त्याचा अर्थ 'खेळणें' असा आहे.

हा खेळ कोणत्या जातीचा, हें प्रथम सांगितलें पाहिजे. सारीपाटांत किंवा बुद्धिबळांत पट ठरलेला असतो, सोंगट्या वा मोहरीं ठरलेलीं असतात, आणि शेवटीं एकाची जीत व दुसऱ्याची हार होते. या खेळांत तसें कांहींच नाहीं. चार-पांच मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी धर्मोपदेशक, तर कोणी चोर. पात्राचें बळ, चपळता, बुद्धि हें सारें आंकड्यांत मांडून कागदावर टिपून ठेवलेलें असतें. सूत्रधार म्हणतो, 'तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशीं उभे आहां, आणि दार आंतून बंद आहे.' पुढें काय करावयाचें तें खेळाडूंनीं ठरवावें. दाराला खांदा देऊन तें फोडतों, असें योद्धा म्हणाला, तर त्यानें वीस पैलूंचा फांसा टाकावा व पडलेल्या दानांत आपल्या बळाबद्दलचा आंकडा मिळवावा. बेरीज सूत्रधारानें ठरविलेल्या संख्येइतकी किंवा तिच्याहून अधिक भरली तर दार मोडतें. न भरली तर खांदा ठेंचाळतो आणि आंतले पहारेकरी जागे होतात. अशा रीतीनें प्रश्न, निर्णय व फांसा यांच्या जोरावर कथा पुढें सरकते. येथें कोणी जिंकत नाहीं कीं हरत नाहीं. रात्र झाली म्हणजे कागद आवरून ठेवावयाचे आणि पुढील आठवड्यांत तेथूनच प्रारंभ करावयाचा. एकच कथा वर्षदोन वर्षें चालल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत.

या जातीचा आद्य खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. भुयारें आणि अग्निमुखी सर्प, असें त्याचें मराठी करतां येईल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचला, आणि विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून गायगॅक्स यांच्या टी. एस. आर. या कंपनीनें तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेस अवघ्या १,००० पेट्या काढण्यांत आल्या होत्या. दोनच वर्षांनीं, जून १९७६ मध्यें, या खेळाला वाहिलेलें 'ड्रॅगन' हें मासिक निघालें, आणि १९८६ सालीं त्याच्या जोडीला 'डंजन' हें दुसरें नियतकालिक आलें. पहिल्यांत नवे नियम, चर्चा, चित्रें व कथा येत. दुसऱ्यांत तयार साहसें येत.

तयार साहस ही काय वस्तु आहे, हें समजलें म्हणजे या मासिकांचें महत्त्व ध्यानांत येतें. कीर्तनकाराला जसें दर खेपेस नवें आख्यान लागतें, तसें सूत्रधाराला दर बैठकीस नवें साहस लागतें. किल्ल्याचा नकाशा हवा, प्रत्येक दालनांत कोण आहे व त्याला काय हवें आहे हें ठरलेलें हवें, कोठें धोका आहे व कोठें धन आहे याचा तपशील हवा, आणि खेळाडूंनीं अगदीं अनपेक्षित वाट धरली तरी कथा कोलमडूं नये अशी सोय हवी. दिवसभर कचेरींत काम करून आलेल्या गृहस्थाला हें सारें स्वतः रचणें दर आठवड्यास कोठून जमावें? 'डंजन'चा अंक त्याच्या हातीं ही शिदोरी देई. विशेष असें कीं, हीं साहसें लिहिणारे बहुधा वाचकांतूनच येत. स्वतःच्या टेबलावर पारखून घेतलेलें साहस एखादा सूत्रधार लिहून पाठवी, संपादक तें तपाशी, आणि पसंत पडल्यास तें छापून येई. अशा रीतीनें वाचकाचा लेखक होण्याची पायवाट या अंकांतून तयार झाली होती.

पुढें टी. एस. आर. कंपनी आर्थिक अडचणींत सांपडली आणि १९९७ सालीं ती विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें विकत घेतली. १९९९ सालीं खुद्द विझर्ड्स ही हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बलाढ्य कंपनीच्या ताब्यांत गेली. मोठ्या कंपनीच्या हिशेबांत मासिक ही किरकोळ बाब असते. मासिकांचें काम आपण न करतां दुसऱ्यास परवान्यानें द्यावें, असें विझर्ड्सनें ठरविलें. त्या कंपनींत आरंभींच्या काळापासून काम केलेल्या लिसा स्टीव्हन्स या बाईंनीं व्हिक वर्ट्झ आणि जॉनी विल्सन यांच्यासह २००२ सालीं पायझोची स्थापना केली. वॉशिंग्टन राज्यांत, सिॲटल शहराच्या परिसरांत, संस्थेची कचेरी थाटण्यांत आली, आणि 'ड्रॅगन' व 'डंजन' तेथून निघूं लागलीं. घर दुसऱ्याचें, संसार मात्र आपला, असा हा प्रकार होता.

या काळांत पायझोनें मासिकाचा धंदा वाढविण्याचाही प्रयत्न करून पाहिला. 'अनडिफीटेड' या नांवाचें एक नवें मासिक तिनें काढलें. १९२६ सालीं स्थापन झालेल्या 'अमेझिंग स्टोरीज' या नामांकित विज्ञानकथा-मासिकाचें तिनें २००४ सालीं पुनरुज्जीवन केलें. दोन्ही प्रयत्न अल्पायुषी ठरले. मासिक म्हटलें म्हणजे विक्रेत्यांकडे पाठविलेल्या प्रतींपैकीं न खपलेल्यांचा भुर्दंड प्रकाशकावर येतो, जाहिरातींचें उत्पन्न भरंवशाचें नसतें, आणि एका महिन्याचा अंक दुसऱ्या महिन्यांत शिळा होतो. शिवाय वाचकांचा मोठा वर्ग या सुमारास इंटरनेटकडे वळूं लागला होता. निव्वळ मासिक म्हणून मासिक विकत घेणारा वाचक कमी होत चालला होता.

याच्या उलट एक प्रयोग मात्र विलक्षण यशस्वी झाला. २००३ सालापासून 'डंजन'मध्यें 'शॅकल्ड सिटी' ही साहसमालिका क्रमशः येऊं लागली. सुटें साहस एका-दोन बैठकींत संपतें. येथें नवशिक्या पात्रांना प्रारंभापासून थेट पराक्रमाच्या शिखरापर्यंत नेणारी एकच सलग कथा अनेक अंकांतून उलगडत गेली. त्यानंतरच्या 'एज ऑफ वर्म्स' व 'सॅव्हेज टाइड' या मालिका प्रत्येकीं बारा भागांच्या होत्या. मासिकांत क्रमशः येणाऱ्या कादंबरीसाठीं वाचक जसा पुढील अंकाची वाट पाहतो, तसे सूत्रधार वाट पाहूं लागले. फरक एवढाच कीं, येथें पुढचें प्रकरण नुसतें वाचावयाचें नसे, तें चार मित्रांसमवेत जगावयाचें असे. पहिली मालिका तर २००५ सालीं पुस्तकरूपानेंही निघाली. एरिक मोना व जेम्स जेकब्स या संपादकांच्या हाताखालीं ही कला मुरत गेली. पायझोची खरी कमाई ही होती. परंतु ती नांवाला दुसऱ्याच्या मासिकांत जमा होत होती.

परवान्याची मुदत संपल्यावर तो पुढें चालवावयाचा नाहीं, असें विझर्ड्सनें २००६ सालीं पायझोला कळविलें. १९ एप्रिल २००७ रोजीं ही वार्ता जाहीर झाली. 'ड्रॅगन'चा ३५९ वा आणि 'डंजन'चा १५० वा अंक हे त्या वर्षाच्या सप्टेंबरांत शेवटचे छापील अंक ठरले. चालू असलेली 'सॅव्हेज टाइड' मालिका त्या शेवटच्या अंकांत पूर्ण झाली, एवढी वाचकांची बूज राखली गेली. एकतीस वर्षांची परंपरा असलेलें मासिक बंद पडणार हें ऐकून जगभरच्या वाचकांना चुटपूट लागली. विझर्ड्सनें तीं नांवें पुढें डिजिटल रूपांत चालू ठेवलीं. परंतु २०१३ च्या अखेरीस तीही आवृत्ति थांबली.

या प्रसंगीं पायझोपुढें दोन संकटें एकदम उभीं राहिलीं. पहिलें उघड होतें: उत्पन्नाचें मुख्य साधन नाहींसें झालें. दुसरें बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षांत येत नाहीं. वर्गणी ही प्रकाशकाची मिळकत नसून वाचकाकडून घेतलेलें कर्ज असतें. वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेले असतात, आणि तें कर्ज महिन्यामहिन्यानें अंकांच्या रूपानें फेडावयाचें असतें. मासिक मध्येंच थांबलें, तर न निघालेल्या अंकांचे पैसे वर्गणीदारांचे. हजारों वर्गणीदारांनीं ते एकदम मागितले असते, तर एवढ्या लहान संस्थेला तो भार सोसणें कठीण गेलें असतें. म्हणून उरलेल्या रकमेबद्दल कोणकोणते पर्याय देतां येतील, हें तिला आधींच ठरवावें लागलें. वर्गणीदारानें शिल्लक रक्कम संस्थेच्या नव्या प्रकाशनाकडे वळवावी, किंवा तेवढ्या किमतीचा दुसरा माल घ्यावा, अशी निवड त्याच्यावर सोंपविण्यांत आली. तें नवें प्रकाशन कोणीं पाहिलेलें नव्हतें. मग वर्गणीदार विश्वास कशावर ठेवणार? ज्या हातांनीं 'डंजन'चे अंक घडविले, त्या हातांवर. याखेरीज दुसरें तारण नव्हतें. पुष्कळांनीं तो ठेवला.

ऑगस्ट २००७ मध्यें 'पाथफाइंडर' या नव्या मालिकेचा पहिला खंड बाहेर पडला. जेकब्स यांनीं लिहिलेलें 'बर्न्ट ऑफरिंग्ज' हें साहस त्यांत होतें. सँडपॉइंट या समुद्रकांठच्या गांवांत उत्सव चालला असतां गॉब्लिन नांवाच्या खुज्या, खट्याळ व क्रूर प्राण्यांची धाड पडते, तेथून कथेला आरंभ होतो. खंड ९६ पानांचा होता, दर महिन्यास एक निघणार होता, आणि सहा खंडांत एक कथा पूर्ण व्हावयाची होती. मुख्य साहसाशिवाय त्यांत कल्पित जगाचा भूगोल व इतिहास, नव्या राक्षसांचीं वर्णनें आणि एखादी लघुकथाही असे.

या योजनेंतली खुबी अशी कीं, मासिकाचा प्राण कायम ठेवून देह तेवढा बदलला होता. दरमहाचा नेम तोच, वर्गणीची पद्धत तीच, लेखक-संपादक तेच, चित्रकारही पुष्कळसे ओळखीचेच. परंतु वस्तु आतां पुस्तक झाली होती. पुस्तक दुकानाच्या फळीवर वर्षभरही राहूं शकतें, शिळें होत नाहीं, आणि खपलें तर पुन्हां छापतां येतें. त्याला जाहिरातदाराची मिनतवारी करावी लागत नाहीं. किंमत मासिकाच्या अंकाहून पुष्कळ अधिक, म्हणजे वीस डॉलरांच्या घरांत होती. तरीही ज्याला सहा महिन्यांची बैठकींची बेगमी हवी त्याला ती जड वाटली नाहीं. मुख्य म्हणजे यांतील गांवें, देव, राजे आणि राक्षसांच्या टोळ्या पायझोच्या स्वतःच्या कल्पनेंतून आलेल्या होत्या. गोलॅरियन असें त्या जगाचें नांव ठेवण्यांत आलें.

कथा स्वतःची झाली, तरी ज्या नियमांवर ती खेळावयाची ते नियम अद्याप 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चेच होते. हें शक्य कसें झालें, याला एक पूर्वेतिहास आहे. २००० सालीं विझर्ड्सनें आपल्या नियमांचा मोठा भाग एका खुल्या परवान्याखालीं सर्वांना वापरण्यास मोकळा केला होता. विहीर गांवाला खुली केली म्हणजे दोर व बादल्या अधिक खपतात, असा त्यामागें व्यवहारी विचार होता. इतरांनीं साहसें लिहावीं, आणि तीं खेळण्यासाठीं लोकांनीं मूळ नियमग्रंथ विझर्ड्सकडून घ्यावे. परंतु ज्या ऑगस्टांत 'पाथफाइंडर' निघालें, त्याच ऑगस्टांत विझर्ड्सनें खेळाची चौथी आवृत्ति जाहीर केली. ती जून २००८ मध्यें यावयाची होती. तिचे नियम निराळे, आणि तिच्यासाठींचा परवानाही निराळा. त्या परवान्याच्या अटी इतर प्रकाशकांच्या हातीं वेळेवर येईनात. पुस्तकांचें वेळापत्रक महिनोन्-महिने आधीं ठरवावें लागतें. कोणत्या नियमांसाठीं लिहावयाचें हेंच ठाऊक नसेल तर लेखकानें लेखणी कशी उचलावी?

मार्च २००८ मध्यें पायझोनें आपला निर्णय जाहीर केला. नव्या आवृत्तीची वाट न पाहतां, जुन्या खुल्या नियमांचें संस्करण करून ती स्वतःचा खेळ काढणार होती. जेसन बुलमान यांनीं अशा संस्करणाचें काम अगोदरच हातीं घेतलेलें होतें. तेंच पायाभूत मानण्यांत आलें. त्यानंतर संस्थेनें जें केलें तें मासिकाच्या संपादकालाच सुचावें असें होतें. तिनें कच्चा मसुदा इंटरनेटवरून सर्वांस विनामूल्य दिला आणि म्हटलें, खेळून पाहा, दोष कळवा. संस्थेच्या सांगण्याप्रमाणें पन्नास हजारांहून अधिक खेळाडूंचा या चांचणींत भाग होता. वाचकांचीं पत्रें छापणारें मासिक गेलें होतें, पण वाचकाचें मत घेण्याची संवय गेली नव्हती. १३ ऑगस्ट २००९ रोजीं इंडियानापोलिस येथील जेनकॉन या वार्षिक खेळमेळ्याच्या वेळीं ५७६ पानांचा मूळ नियमग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याची पहिली आवृत्ति हातोहात संपली.

पुढील कांहीं वर्षांत जें घडलें त्याची कल्पना कोणींच केली नव्हती. खेळांच्या दुकानदारांकडून माहिती गोळा करणाऱ्या आय-सी-व्ही-टू या व्यापारी नियतकालिकाच्या क्रमवारींत २०११ सालापासून 'पाथफाइंडर' अग्रस्थानीं दिसूं लागला. ज्या खेळाचीं मासिकें परवान्यानें चालवून या संस्थेनें पोट भरलें, त्याच खेळाला तिनें दुकानांतल्या विक्रींत कांहीं काळ मागें टाकलें. २०१४ सालीं आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पांचव्या आवृत्तीनें तें स्थान परत मिळविलें. परंतु तोंवर पायझो स्वतःच्या पायांवर उभी राहिली होती. २०१७ सालीं तिनें 'स्टारफाइंडर' हा अंतराळांतील साहसांचा खेळ काढला, आणि २०१९ सालीं 'पाथफाइंडर'ची दुसरी आवृत्ति.

मालकी आली म्हणजे मालकाची जबाबदारीही येते. परवाना गेल्यावर संस्थेपाशीं जें भांडवल उरलें होतें, तें म्हणजे लिहिणारीं, चितारणारीं व संपादन करणारीं माणसें. ऑक्टोबर २०२१ मध्यें याच कर्मचाऱ्यांनीं वेतन व कामाची परिस्थिति यांविषयींच्या तक्रारी पुढें मांडून आपली संघटना स्थापिली, आणि त्याच महिन्यांत संस्थेनें तिला मान्यता दिली. या क्षेत्रांत अशी संघटना ही नवलाची गोष्ट होती. माणसांच्या कौशल्यावर जिचा उद्धार झाला, त्या संस्थेला त्या कौशल्याचें मोल काय, असा प्रश्न तिच्याच माणसांनीं विचारावा, हें स्वाभाविक होतें.

एक उसनी वस्तु अजून शिल्लक होती, ती म्हणजे २००० सालचा खुला परवाना. स्वतःचे नियम झाले तरी 'पाथफाइंडर' कायद्याच्या दृष्टीनें त्याच परवान्याच्या आधारें छापला जात होता. जानेवारी २०२३ मध्यें विझर्ड्सच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला, आणि जुना परवाना रद्द करण्याचा तिचा मानस असल्याचें उघड झालें. खेळाडूंत एकच खळबळ उडाली. १२ जानेवारीस पायझोनें जाहीर केलें कीं, कोणाही एका कंपनीच्या मुठींत राहणार नाहीं असा निराळा खुला परवाना ती इतर प्रकाशकांच्या सहकार्यानें तयार करणार आहे. तो त्याच वर्षीं सिद्ध झाला. विझर्ड्सनें २७ जानेवारीस माघार घेतली आणि आपल्या नियमांचा मूळ भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या सार्वजनिक परवान्याखालीं मोकळा केला. मधल्या धामधुमींत आठ महिने पुरावी अशी नियमग्रंथांची शिल्लक दोन आठवड्यांत संपल्याचें पायझोनें सांगितलें. संस्थापिकेला २००६ सालीं जो धडा मिळाला होता, तो आतां सर्व लहान प्रकाशकांना मिळाला.

नोव्हेंबर २०२३ पासून पायझोनें आपले नियमग्रंथ नव्यानें सिद्ध करून छापण्यास आरंभ केला. जुन्या खेळाकडून आलेल्या खुणा त्यांतून निवडून काढण्यांत आल्या. पात्रें सज्जन कीं दुर्जन हें ठरविणारी जुनी नीतीची वर्गवारी गेली, आणि रंगांवरून व धातूंवरून ओळखले जाणारे परंपरागत ड्रॅगन जाऊन त्यांच्या जागीं नव्या जातीचे आले. 'ड्रॅगन' नांवाच्या मासिकाच्या अंगावर वाढलेल्या संस्थेनें ते ड्रॅगनही अखेर ज्याचे त्याला परत केले.

पायझोच्या या प्रवासांत पहिल्यानें मासिकाचें नांव सुटलें, मग कथेचें जग स्वतःचें झालें, त्यानंतर नियम, आणि सर्वांत शेवटीं परवाना. प्रत्येक टप्प्यावर जी गोष्ट उसनी होती ती गेली, आणि प्रत्येक वेळीं पुढच्या टप्प्याचा खर्च त्या मंडळींनीं भागविला, जी महिन्याच्या महिन्यास अंकाची वाट पाहत होतीं. त्यांनीं वर्गणी 'ड्रॅगन'च्या नांवें भरली होती. नांव बदललें तेव्हां आपली शिल्लक परत न मागतां ज्यांनीं ती एका न पाहिलेल्या पुस्तकाकडे वळविली, त्यांच्याविषयीं इतिहासांत फारसें कांहीं लिहिलें जाणार नाहीं. तो पहिला ९६ पानांचा खंड मात्र त्यांच्याच भरंवशावर छापखान्यांत गेला.